नाकसाहेबांचा शब्द

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. साहेब ते कधीच नव्हते. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून सांडपाण्याच्या चार टाक्या होत्या आणि गेली बावीस वर्षं ते त्या टाक्यांवर ऑपरेटर होते. नाक मात्र खरोखरच साहेबी होतं. टाकीत काय बिनसलंय हे कळायला इतरांना बाटलीत पाणी भरून लॅबकडे पाठवावं लागे. नाकसाहेब फाटकातून आत शिरता शिरता सांगत, "दोन नंबर आंबलीय," नाहीतर, "आज निळ्यात कुणाचा तरी हात सुटलाय." आणि ते तसंच निघे.

कौतुक बाकीच्यांना. त्यांचा स्वतःचा त्या नाकाने जीव नकोसा केला होता. नोकरीला लागले तेव्हा तिथल्या जुन्या माणसाने पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "महिन्याभरात सवय होईल, मग काही वाटणार नाही." महिन्याचं राहू द्या, बावीस वर्षं उलटली तरी त्यांना वाटायचं ते वाटतच होतं. डबा ते टाक्यांपासून लांब, बॉयलरच्या पलीकडे बसून खात, तोही तोंडाने श्वास घेत घेत. घरी आले की आधी न्हाणीघर. दोनदा साबण, नखांना ब्रश, आणि तरीही जेवताना घास तोंडाशी नेला की बोटांच्या पेरांतून तो सडका वास हळूच वर यायचा.

अशा माणसाच्या नशिबी ती परीक्षा आली.

झालं असं, की परदेशातल्या ज्या कंपनीला इथलं कापड जायचं, तिने नवा नियम काढला. टाक्यांवर प्रत्येक पाळीत इंग्रजीत उत्तरं देऊ शकेल असा एक तरी माणूस हवा, आणि त्याच्याकडे भाषेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट हवं. जो पास होईल तो पाळीचा इनचार्ज. मॅनेजरने सहा जणांना बोलावलं. त्यांत नाकसाहेब वयाने सगळ्यांत मोठे, एकोणपन्नासचे. शाळेत इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाल्लेले.

शिकवायला बाहेरून एक मॅडम आल्या. तिशीतल्या, चटपटीत, बोलताना खडू हवेत नाचवणाऱ्या. पहिल्या दिवशी ट्रेनिंगच्या खोलीत आल्या त्याच ओढणी नाकाला लावून.

"इथे नेहमी असाच वास येतो?"

"कसला वास?" बॉयलरवाल्याने विचारलं. अगदी मनापासून.

नाकसाहेबांनी आपली खुर्ची पुढच्या रांगेत सरकवली. ह्या जगात आपल्यासारखं नाक असलेलं आणखी कुणी तरी आहे, एवढ्यावरच त्यांना मॅडम आवडल्या.

मॅडमची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. "वीस शब्दांना नुसता नमस्कार घालण्यापेक्षा एका शब्दाशी घरोबा करा," त्या म्हणाल्या. "असा शब्द, जो दहा ठिकाणी चालतो. परीक्षकाला वाटलं पाहिजे, ह्या माणसाला भाषा वळवता येते." मग त्यांनी प्रत्येकाला त्याच्या कामाला धरून एकेक शब्द वाटला. बॉयलरवाल्याला 'प्रेशर'. फिटरला 'फिट', त्यावर तो म्हणाला, "हा तर मला येतोच, मला सुट्टी द्या." आणि नाकसाहेबांना 'डिस्चार्ज'.

"पेशंटला घरी सोडतात तो डिस्चार्ज. शिपायाला फौजेतून मोकळं करतात तो डिस्चार्ज. मोबाइलची बॅटरी उतरते, तेही तेच. आपलं कर्तव्य पार पाडणं, तिथेही हाच शब्द चालतो. आणि तुमच्या टाकीतून पाणी सोडतात, तोही डिस्चार्जच. शिवाय जखमेतून..." मॅडम थबकल्या. "ते जाऊ दे. जेवायची वेळ झालीय."

नाकसाहेब खूश झाले. काय देखणा शब्द! जो तो ह्या शब्दानं मोकळा होतोय. घरी बायकोने मोबाइल चार्जिंगला लावला तर हे म्हणाले, "डिस्चार्ज झाला वाटतं." शेजारच्या काकांचं प्लॅस्टर निघालं, "डिस्चार्ज मिळाला." बायकोचं इंग्रजी वाचन अडखळत का होईना, पण चालायचं. ती कणीक मळता मळता समोर वही उघडी ठेवून त्यांची परीक्षा घेई. "कर्तव्य?" "आय डिस्चार्ज माय ड्यूटी." "शिपाई?" "ही वॉज डिस्चार्ज." "अहो, शेवटचा 'ड' कुठे गेला, ऐकू नाही आला." आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

नाकसाहेबांच्या आईचा डावा कान बरेच दिवस वाहत होता. डॉक्टरांच्या कागदावर काय असतं हे त्यांनी जन्मात कधी वाचलं नव्हतं. आईला दाखवून आणलं त्या दिवशी मात्र वाचलं. दुसऱ्याच ओळीत तो शब्द! लहान मुलासारखे ते ओरडले, "आई, हे बघ, माझा शब्द!" मग डोक्यात अर्थ उतरला: कानातून वाहणारा पू. आईने कानातला कापसाचा बोळा काढून ताटलीत ठेवला होता. पिवळा, मधे हिरवट, कडेला वाळून कडक झालेला. खोलीभर तो गोडसर कुजका वास. आजवर त्यांनी तो बोळा रोज न बघता उचलून टाकला होता. त्या दिवशी मात्र त्याला नाव होतं, आणि ते नाव ह्यांच्या तोंडात होतं. त्यांना एकदम ओकारी आली. आई ओशाळली. "टाकते रे मीच," म्हणाली. त्यावर तर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हापासून शब्दावरची माया उतरली. वही उघडली की लगेच मिटावीशी वाटायची.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजर वर्गात डोकावला. हा वयाने नाकसाहेबांहून पंधरा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, टाक्यांकडे कधी आला तर बूट सांभाळत चालणारा. "परीक्षेत आणि पुढे परदेशी कंपनीचे पाहुणे तपासणीला येतील तेव्हाही एक प्रश्न नक्की येणार. पाण्याचं काय करता? उत्तर पाठ करून ठेवा." त्याने स्वतः फळ्यावर लिहिलं. आम्ही फक्त शुद्ध केलेलंच पाणी सोडतो, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. मॅडमनी त्यातला 'ओन्ली' एक शब्द पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आता परफेक्ट. नाकसाहेब, हे तुमचं वाक्य. रोज वीस वेळा."

वी डिस्चार्ज ओन्ली ट्रीटेड वॉटर.

नाकसाहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं. खरं काय ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन नंबरच्या टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद पडून दोन वर्षं झाली होती. हवा नाही की पाण्यातले घाण खाणारे जीव मरतात आणि पाणी काळं पडून सडतं. बंद पडलं त्या दिवशी त्यांनी मॅनेजरच्या कानावर घातलं होतं. "बघू," मॅनेजर म्हणाला. त्या 'बघू'वर दोन वर्षं गेली. दर गुरुवारी दुपारी रंगाची मोठी भांडी धुतली जायची, टाकी काठोकाठ भरायची, आणि मागच्या भिंतीपाशी एक व्हॉल्व्ह होता तो उघडावा लागायचा. काळं पाणी भिंतीपलीकडच्या ओढ्यात जायचं. व्हॉल्व्ह उघडणारा हात नाकसाहेबांचा.

बावीस वर्षं नाकासमोर बघून चाललेला माणूस. वरून सांगितलं, केलं. पण आता तेच काम रोज वीस वेळा, उलटं करून, परक्या भाषेत तोंडातून काढायचं होतं. मराठीत ते कधी खोटं बोलले नव्हते, कारण मराठीत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

एका रविवारी बायकोने पालक केला. बाजारात हल्ली एक बाई फार टवटवीत पालक आणते, पानं अशी हाताएवढी, आणि स्वस्त, असं ती चार दिवस सांगत होती. नाकसाहेबांनी घास घेतला आणि तोंडातच थांबले.

दोन नंबर.

शंकाच नाही. लसणाच्या फोडणीच्या खाली, मिठाच्या खाली, पानाच्या देठात तीच टाकी बसली होती. आई चवीनं खात होती. बायको म्हणाली, "कसा झालाय?" ते उठले, मोरीत गेले आणि घासच नाही, सकाळचा चहासुद्धा बाहेर काढला.

"एवढी वाईट झालीय का भाजी?" बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पोट बरं नाही."

"मग आम्ही खाऊ ना?"

त्यांनी ओल्या हाताने तोंड पुसलं. मग म्हणाले, "ती बाई पालक कुठून आणते, विचार."

"विचारलंय. ओढ्याकाठी मळा आहे तिचा. का हो?"

त्यांनी आईच्या पुढचं ताट उचललं आणि भाजी केराच्या डब्यात उलटी केली. आईचा हात तसाच अधांतरी राहिला. बायको बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं. ह्यांच्याकडे ते होतं, पण द्यायचं कुठल्या तोंडाने? "नको खाऊ," एवढंच म्हणाले.

परीक्षा गावातल्या एका शाळेत होती. वाचायचं, लिहायचं कसंबसं झालं. मग बोलायच्या परीक्षेला एका लहान खोलीत बोलावलं. टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र, पलीकडे साठीचे परीक्षक. त्यांना जबरदस्त सर्दी झालेली. रुमालात नाक शिंकरत, उघडून बघत, घडी करत, आणि तो ओलाकच्च रुमाल प्रश्नांच्या कार्डांवरच ठेवत. मग त्याच हाताने त्यांनी एक कार्ड उचलून नाकसाहेबांच्या पुढे धरलं. नाकसाहेबांनी ते चिमटीत धरलं.

"तुमच्या कामाबद्दल सांगा," परीक्षक इंग्रजीत म्हणाले.

पाठ केलेलं सगळं तयार होतं. "आय वर्क इन अ फॅक्टरी. वी डाय क्लॉथ." गाडी सुरळीत चालली. "वी डिस्चार्ज ओन्ली..."

आणि इथे गाडी अडली. पुढचे दोन शब्द घशात वर येत होते आणि त्यांच्याबरोबर पालकही, आईचा तो बोळाही, समोरचा तो रुमालही. परीक्षक वाट बघत होते. यंत्राचा लाल दिवा लागलेला होता. नाकसाहेबांनी जे आलं ते येऊ दिलं.

"नो सर. नॉट ओन्ली. एव्हरी थर्सडे वी डिस्चार्ज ब्लॅक वॉटर. मशीन इज डेड, टू इयर्स. आय ओपन द व्हॉल्व्ह. माय हँड, सर." त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. "वॉटर गोज टू रिव्हर. रिव्हर गोज टू व्हेजिटेबल. माय मदर इट्स व्हेजिटेबल."

एवढं इंग्रजी ते आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. कपाळावर घाम आला होता. आता हे गृहस्थ उठतील, कुणाला तरी बोलावतील, फोन लावतील, अशी त्यांची खात्री होती.

परीक्षकांनी मान हलवली, कागदावर काहीतरी टिपलं आणि कार्डावरचा पुढचा प्रश्न वाचला. "आणि त्याबद्दल तुम्हाला कसं वाटतं?"

किळस. त्याला इंग्रजीत काय म्हणतात? मॅडमनी शिकवलंच नव्हतं. नाकसाहेबांनी तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, पोटावर हात फिरवला.

"डिसगस्टेड?" परीक्षकांनी मदत केली.

"येस सर. डिसगस्टेड. व्हेरी."

"गुड," परीक्षक म्हणाले, परत नाक शिंकरलं आणि बाहेरच्या पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढचे तीन आठवडे नाकसाहेबांनी जीव मुठीत धरून काढले. बायकोला शेवटी त्यांनी सगळं सांगितलं, व्हॉल्व्हचं आणि परीक्षेतलंही. तिने हातातली कणीक परातीत ठेवली. मग म्हणाली, "दोन वर्षं?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तिने भाजीचा बाजार बदलला. नोकरी जाणार हे धरून त्यांनी मनाची तयारी केली होती. खरं सांगायचं तर आतून त्यांना थोडं बरंही वाटत होतं. कुणीतरी येईल, टाकी उघडून बघेल, मग जे होईल ते होवो.

कुणी आलं नाही. निकाल आला. बोलण्यात नऊपैकी सात, सहा जणांत सगळ्यांत वरचे. खाली शेरा होता, आणि मॅडमनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला: उमेदवार शब्दसंपत्ती लवचिकपणे वापरतो, उदाहरणे स्वाभाविक आहेत.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नाकसाहेबांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. आपण तिथे काय बोललो ते शब्दन् शब्द सांगितलं. मॅडमची ओढणी आपसूक नाकाकडे गेली. त्यांनी भिंतीपलीकडे एकदा बघितलं.

"हे... खरं आहे?"

"तुम्हाला वास येतो ना?"

"येतो," त्या म्हणाल्या. मग घड्याळ बघितलं. "पण बोलताना चुका फार कमी झाल्या असतील तुमच्या. मनातलं बोलताना असंच होतं." आणि बुटांची टकटक करत फाटकाकडे गेल्या. त्यांना दुसऱ्या कारखान्यात वर्ग होता.

तेव्हा मात्र नाकसाहेबांना परीक्षेच्या खोलीतल्यापेक्षाही जास्त शिसारी आली. इतकं खरं बोललेलं, ऐकणाऱ्याने व्याकरण तपासून परत दिलं होतं. घाणीत हात घालून वर काढावा आणि समोरच्याने नखांचं कौतुक करावं, तसं.

इनचार्ज झाल्यावर पहिल्याच गुरुवारी ते मॅनेजरच्या खोलीत गेले. "साहेब, व्हॉल्व्ह मी उघडणार नाही."

"अहो, तुम्ही कशाला उघडाल?" मॅनेजर हसला. "तुम्ही इनचार्ज आता. तुमच्या हाताखाली माणूस दिलाय, तो उघडेल. तुम्ही फक्त लॉगबुकात लिहायचं. इंग्रजीत. 'डिस्चार्ज नॉर्मल.' दोन शब्द. एवढ्यासाठी तर शिकवलं तुम्हाला."

लॉगबुक नवं कोरं होतं, जाड पुठ्ठ्याचं. परदेशी कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याच्या प्रत्येक पानावर छापील नंबर होता. नाकसाहेब टाकीपाशी गेले. हाताखालचा माणूस व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा होता. "उघडू?" त्याने विचारलं. नाकसाहेब 'हो' म्हणाले. हे त्यांनी नंतर कधी स्वतःपासून लपवलं नाही; ते हो म्हणाले. पाणी गेलं. मग ते टेबलाशी बसले आणि सरळ रेघेत, शाळकरी अक्षरात लिहिलं: काळं पाणी सोडलं, चाळीस मिनिटं, शुद्ध केलेलं नाही, हवेचं यंत्र बंद. इंग्रजीत. शेवटचा 'ड' न विसरता. खाली सही.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. मॅनेजर रोज संध्याकाळी लॉगबुकावर न वाचता सही करायचा. ह्यांच्या प्रत्येक ओळीखाली त्याची झोकदार सही. चार महिने.

पाहुणे यायला महिना उरला तेव्हा मॅनेजर कागदपत्रं तपासायला बसला, आणि नाकसाहेबांना तातडीचं बोलावणं आलं. खोलीत शिरले तर मॅनेजर पानं उलटत होता, चेहरा पांढराफटक.

"हे काय लिहिलंय?"

"वाचा ना. सोपं इंग्रजी आहे."

"नाकसाहेब, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? पान फाडावं तर नंबर! आणि खाली सगळीकडे माझी सही!"

"म्हणून तर विचारतोय, तुम्ही वाचत नव्हता का?"

मॅनेजरने पुस्तक आपटलं. पण त्याच दुपारी फिटर अवजारांची पेटी घेऊन दोन नंबरपाशी आला. नाकसाहेब बाजूला उभे राहून बघत होते. फिटरने झाकण काढलं, आत बॅटरी मारली, तुटलेला पट्टा ओढून काढला, एक बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, नवा पट्टा चढवला आणि बटण दाबलं. यंत्र खोकलं आणि सुरू झालं. काळ्या पाण्यात खालून बुडबुडे उसळायला लागले. साठलेला सगळा वास एकदम वर आला आणि नाकसाहेबांनी तोंड फिरवलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. पंधरा-वीस दिवसांत पाणी उजळेल."

"किती वेळ लागला?"

"दोन तास असतील." फिटरने हात चिंधीला पुसले. "हे माझ्याकडे केव्हाच का नाही आणलंत? पट्टा तर स्टोअरमध्ये पडून होता. वर्गात आपण चार महिने शेजारी बसत होतो, नाकसाहेब. एका शब्दाने बोलला नाहीत."

मॅनेजरने बघू म्हटलं होतं, हे नाकसाहेबांना सांगावंसं वाटलं, पण ते तोंडातच राहिलं. फिटरला सांगायला कुठे इंग्रजी लागत होतं? परीक्षा लागत होती? शंभराच्या वर गुरुवार. प्रत्येक गुरुवारी फिटर ह्याच आवारात, पन्नास पावलांवर, विडी ओढत बसलेला असायचा.

पाहुणे आले तेव्हा पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. त्यांनी लॉगबुकाचं पहिलं आणि शेवटचं पान बघितलं आणि पुढे गेले. नाकसाहेब तिथे नव्हते. त्यांना इनचार्जवरून काढून कापडाच्या गोदामात टाकलं होतं. तिथे आता ते गठ्ठे मोजतात, दिवसभर शिंकतात आणि डबा जागेवरच बसून खातात. बायको म्हणते, बरंच झालं, त्या घाणीतून सुटलात.

ते हो म्हणतात. पण घरी आले की अजून दोनदा साबण लावतात, आणि हात धुऊन झाल्यावर उजवा हात नाकाशी नेतात. वास आता खरंच येत नाही. तरी तोंड वाकडं होतं ते होतंच.